अण्णांचं अस्मानी घर

किसनअण्णांच्या घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा हमखास अण्णांच्या अंगावर बसायचा. त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नसे. पलंगावर अस्मानी चादर, खिडकीला अस्मानी पडदा, उशांना अस्मानी अभ्रे, आणि त्या सगळ्यात अस्मानी सदरा-पायजम्यातले अण्णा दुपारचे आडवे झालेले. पाहुणा दचकून उठला की अण्णा शांतपणे म्हणत, "बसा, मी सरकतो."

केजला त्यांची नि आमची भिंत एकच. शेती चांगली, दारात म्हशी, घरात मुलगा-सून. कशाची ददात नव्हती. पण कपडा घ्यायचा तर अण्णा दुकानातून अख्खं ठाण उचलत आणि सगळ्या घराला त्यातूनच शिवत. मुलाचे सदरे, सुनेचे ब्लाऊज, सगळं एका रंगाचं. त्यांच्या मंडळींना, म्हणजे शांताकाकूंना, त्याच रंगाची बिनकाठाची सुती साडी. पोळ्याला बैलांच्या झुलीसुद्धा अस्मानी. सून नवी नवी आली तेव्हा वाळत घातलेल्या कपड्यांतून स्वतःचं शोधता शोधता रडकुंडीला यायची.

"कपडा एक, तर कटकट न्हाई," हे अण्णांचं पालुपद. एसटी स्टँडवर, सलूनमध्ये, हॉटेलात, जिथं दोन माणसं भेटतील तिथं ते सुरू होत. म्हणत, "फेट्यावरनं जात कळती, शर्टावरनं ऐपत कळती, लुगड्यावरनं सासर कळतं. कशापायी कळायला पाहिजे? सगळ्यांनी एकच घाला."

मी पडलो शाळामास्तर. एकदा म्हणालो की अण्णा, पोलिसांचाही कपडा एकच असतो, म्हणून काय त्यांच्यात भांडणं होत नाहीत?

"त्यांच्या खांद्यावर फिती असत्यात मास्तर. भांडण फितीचं हाय, कपड्याचं न्हाई."

खरं सांगायचं तर, बोलणं हसण्यावारी नेलं तरी ते मनात कुठंतरी पटायचंही.

त्यांच्या पुतण्याचं लग्न दिंद्रुडला होतं. अण्णांनी आमच्या गल्लीतल्या घराघरांत कापड वाटलं आणि सगळ्यांनी हेच शिवून यायचं, अशी गळ घातली. माणूस इतका भला की कुणाला मोडता घालवेना. माझी बायको एका दिवसापुरती तयार झाली. कोपऱ्यावरचे वकीलसाहेबसुद्धा अस्मानी झाले. जीपमधून आमची ती निळी फौज मांडवात उतरली आणि मुलीकडच्यांना वाटलं, वाढपी आले. कुणीतरी वकिलांच्या हातात वरणाची बादली दिली. वकिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अण्णांनी ती बादली हसत हसत स्वतःकडे घेतली आणि अख्खी पंगत वाढली.

"बघा मास्तर," घाम पुसत ते मला म्हणाले, "कुणी इचारलं न्हाई, आपण कुणाचे."

ते खरंच होतं. पण परतताना जीपमध्ये निराळंच सुरू झालं. कुणाच्या ब्लाऊजची शिलाई चांगली बसली, कुणाची नाही. वकील म्हणाले, आपल्या सदऱ्याला निदान इस्त्री तरी आहे. मग चपलांवर आले, मग घड्याळांवर. वाटेत धारूर येईपर्यंत दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं. शांताकाकू तेवढ्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या होत्या. पुढच्या सीटवर अण्णांनी स्वतःच्या चुरगळलेल्या सदऱ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "इस्त्रीचा इचार केलाच न्हाई मी."

गल्लीनं त्या कापडाचे पडदे केले. अण्णांचं घर मात्र अस्मानीच राहिलं.

गेल्या वर्षी शांताकाकू गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. सवाष्ण गेलेली, म्हणून रीतीप्रमाणे पालीहून त्यांचा भाऊ माहेरचं हिरवं लुगडं घेऊन आला. बायकांनी त्यांना न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं, मळवट भरला, नि अंगणात आणून ठेवलं. हिरवंगार लुगडं, लाल काठ. शेजारी राहून मी त्यांना इतकी वर्षं बघत होतो, पण मलाही क्षणभर ओळख पटली नाही.

अण्णा पुढे आले. रंगावरून काही बोलतात की काय, म्हणून मुलगा धास्तावला होता. ते नुसते बघत राहिले. खांदेकरी खोळंबले, तरी अण्णांना हलवायचं धाडस कुणाला होईना. शेवटी मी दंडाला धरलं, तेव्हा म्हणाले, "मास्तर, हिला हिरवा एवढा शोभतो, मला म्हाईतच न्हवतं."

दिवसकार्य झाल्यावर एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि कुणी न विचारताच सांगू लागले. नवं लग्न झालं तेव्हा घरात तंगी होती. कुणाच्या तरी लग्नात जावांनी काकूंच्या विटक्या लुगड्यावरून चेष्टा केली. परतताना बैलगाडीत काकू घरापर्यंत पदराआड रडत होत्या.

"मला वाटलं, सगळ्यांचं एकच केलं की हिला पुन्हा कुणी हसायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "पुन्हा कुणी हसलं न्हाई, ते खरं हाय. पण तुला कोणता रंग पाहिजे, एवढं इचारायचं राहून गेलं."

दाराआड माझी बायको ऐकत होती. तिला एक गोष्ट ठाऊक होती. अण्णा दुपारचे झोपले की काकू आमच्याकडे येत आणि तिला कपाट उघडायला लावत. एकेक साडी मांडीवर घेत, तिच्यावरून हात फिरवत, आणि आधीपेक्षा सुबक घडी घालून परत देत. नेसली मात्र एकदाही नाही. बायकोनं फारच आग्रह केला, तेव्हा म्हणाल्या होत्या, "नको बाई, ह्यांना वाईट वाटंल. लई जीव लावून आणत्यात."

हे आम्ही अण्णांना सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, हेच ठरत नाही.

आता त्यांची सून हवं ते नेसते. अण्णांनीच तिला तसं सांगितलं. ते स्वतः अजून अस्मानीतच असतात. माझी बायको नवी साडी नेसून बाहेर पडली की ते दारातून उठून येतात. परवाही आले.

"मास्तरीणबाई, ह्या रंगाला काय म्हणत्यात?"

"अंजिरी, अण्णा."

"अंजिरी," त्यांनी सावकाश म्हणून पाहिलं. मग परत वळता वळता, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हा बी शोभला असता."