व्यत्यय आला!

वर्तकसाहेब कुणाला नमस्कार करत असताना फोन वाजला, तर जोडलेले हात सोडून ते फोन घेत आणि नंतर समोरच्याला म्हणत, "व्यत्यय आला. पुन्हा या." नोकरीच्या पहिल्या दिवशी मी खरोखरच दाराबाहेर जाऊन परत आत आलो. वेडा कोण, ते की मी, हे ठरवण्यात माझी दुपार गेली.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देहूरोडजवळच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हाची ही गोष्ट. कँटीनचा बबन जवळच्या टाकवे गावचा. साहेब एकदा त्याला सांगत होते, "दोन चहा, आणि..." तेवढ्यात फोन वाजला. परत आल्यावर म्हणाले, "ऑर्डर अर्धवट राहिली. पुन्हा विचार."

"आवो सायेब, भजीच न्हवं? रोजचंच हाय. आणतो की."

"मधल्या वेळात माझं मन बदललं असलं तर?"

"बदललंय व्हय?"

"नाही. पण विचारायला हवं होतंस."

बबन कपाळाला हात लावून गेला.

हाच हट्ट त्यांनी कॉम्प्युटरमध्ये घातला. यंत्राच्या पोटात एक कारभारी प्रोग्राम असतो; तो लिहायचं काम आमच्याकडं होतं. बाकीचे प्रोग्राम त्याला कामं सांगतात: हे वाच, ते छाप. काम चालू असताना तातडीचा इशारा आला, की हातातलं काम तुटतं. मग पुढं काय? माझं मत सरळ होतं. कारभाऱ्यानं ते काम गुपचूप पुन्हा सुरू करावं, सांगणाऱ्याला पत्ताही लागू नये. साहेब म्हणत, "छे! कारभाऱ्यानं 'अर्धवट राहिलं' एवढं सांगून मोकळं व्हायचं. पुन्हा सांगायचं की नाही, ते ज्याचं तो ठरवेल."

म्हणजे कारभारी आरामात आणि प्रत्येक प्रोग्रामनं पुन्हापुन्हा विनवण्या करायच्या! मला हा शुद्ध आडमुठेपणा वाटे. शेवटी एका रविवारी माझं टिपण घेऊन, भांडायच्या तयारीनं, मी त्यांच्या लोणावळ्याच्या घरी थडकलो.

दारातच हबकलो. खिडकीशी वहिनी बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर निर्जीव. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता, आणि ऑफिसात कुणाला याचा पत्ता नव्हता.

"शब्द परत येताहेत," साहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले. "पण अख्खं वाक्य अजून एकदाही नाही. येणारे-जाणारे दयेनं पुरं करून टाकतात. मग ती दिवसभर गप्प बसते."

आम्ही बसलो. वहिनी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दू... दू..."

"दूर? दूर सरकू का?" मी खुर्ची ओढली. त्यांचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या पुन्हा सुरू करणार, तोच मागच्या रुळांवर इंजिनानं शिट्टी घातली. घाटासाठी गाड्यांना जोडलेली जादा इंजिनं सोडवायची ती जागा, शिट्ट्यांना खळ नव्हता. वहिनींचा शब्द सुटला.

"व्यत्यय आला," साहेब म्हणाले. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "पुन्हा सांगतेस? नको असेल तर राहू दे."

वहिनींनी मान डोलावली. "दू... दूध..." पुन्हा शिट्टी. "व्यत्यय आला. सांगतेस?" असं चारदा झालं. मला बसवेना. आतून करपल्याचा वास यायला लागला होता. मी तोंड उघडलं, तशी साहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"दूध... उतू... गेलं... आहे," वहिनी म्हणाल्या. आणि मग घामेजलेल्या चेहऱ्यानं खुदकन हसल्या.

मी आत धावलो. पातेलं काळं ठिक्कर, स्टोव्ह विझलेला, ओटाभर दूध.

"साहेब," मी थक्क होऊन विचारलं, "तुम्हाला वास आला नाही?"

"आला ना. केव्हाच."

"मग उठला का नाहीत?"

"वाक्य तिचं होतं," ते म्हणाले आणि डोळे पुसून ओट्यासाठी फडकं शोधायला लागले.