पंचनाम्याआधीचं सारवण

धोंडबाजी मोर्चाला यायचे ते झाडू घेऊन. घोषणा संपल्या, माणसं पांगली, की हा सत्तरीचा माणूस रस्त्यावर पडलेली आमचीच पत्रकं झाडून काढायचा. मी ज्यांना व्यवस्थेच्या छाताडावर फेकलेले निखारे म्हणायचो, त्यांचा ढीग करून हे काडेपेटी शोधत. मी भडकायचो. आपल्या लोकांनी गावकीची कामं सोडली, झाडू फेकून दिला, आणि तुम्ही भर रस्त्यात? ते शांतपणे म्हणत, "गावाचं नाई झाडत, बाबू. माहं झाडून राह्यलो."

सिंदी स्टेशनात रेल्वेचा खलाशी म्हणून अंगमेहनत करत जन्म काढलेला एकटा जीव. आमच्या मंडळाच्या सतरंजीवर बसण्याआधी ती उचलून झटकायचे. वर कोणी बसलेलं असलं तरी.

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात अल्लीपूरच्या पलीकडच्या एका खेड्यात कौसाबाईंचं घर पेटवलं गेलं. गुन्हा काय, तर बाईनं गावच्या विहिरीत घागर बुडवली. सरकारी मदतीसाठी अर्ज करायचा होता, आणि बाई कधी कचेरीची पायरी चढलेली नव्हती. तिच्यासोबत कोणी जायचं, हे ठरवायला आम्ही बैठक घेतली. निषेधाचं भाषण करायला सगळे तयार. तहसिलीत ताटकळायला कोणी नाही. माझं पत्रक छापखान्यात अडकलं होतं. तेव्हा धोंडबाजी म्हणाले, "मी जातो ना. घरी कोन वाट पाहून राह्यलं?" झाली नेमणूक.

तहसिलीत त्यांनी आधी व्हरांडा झाडला. तिथल्या कारकुनाला वाटलं, नवा चपराशी आला. त्यानं पाणी मागितलं. यांनी पाणी दिलं आणि पेल्यामागोमाग कौसाबाईंचा अर्जही पुढं सरकवला. नुकसान बघायला साहेब सोमवारी येतील, असं ठरलं.

सोमवारी मी त्या गावी पोचलो आणि माझं डोकंच फिरलं. राख नाही, कोळसा नाही. जमीन शेणानं सारवलेली, भिंतींना पांढरी माती, दारात रांगोळी. जळकी भांडी घासून लख्ख. धोंडबाजी आणि कौसाबाई हात धूत उभे. मी ओरडलो, अहो, हाच तर पुरावा होता. सरकारला राख दाखवायची की रांगोळी?

"सायेब घरी येऊन राह्यले," कौसाबाई म्हणाल्या. "तशा घरात कसं बसवाचं त्याहिले?"

साहेब आले. खाली पाहिलं, भिंती पाहिल्या आणि म्हणाले, इथं तर सगळं ठीकठाक दिसतं. मदत गेली, असंच मी धरून चाललो. बाईंनी पाट दिला, धोंडबाजींनी चहा. साहेबांनी घाम पुसला, पुन्हा पुसला. सावलीसाठी पाट भिंतीकडं सरकवला, मग दुसऱ्या भिंतीकडं. शेवटी त्यांनी वर पाहिलं. छप्पर नव्हतंच. वैशाखाचं ऊन सरळ चहाच्या कपात पडत होतं.

"छप्पर पूर्ण जळालं," ते कारकुनाला म्हणाले. "लिही."

पुढं मदत मंजूर झाली. पण त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर मी धोंडबाजींना सोडलं नाही. साहेबांनी वर पाहिलंच नसतं तर?

ते थांब्यावरचा कचरा पायानं बाजूला सारू लागले.

"माहंही घर जाळलं होतं, बाबू. जवानीतली गोष्ट. शिपाई सांगून गेलता, पंचनामा होयेपर्यंत काई हलवू नका. आमी नाई हलवलं."

"मग?"

"कोनीच नाई आलं. बायकोचे दिवस भरले होते. त्या राखंतच बाळंत झाली. दोघंही नाई राह्यले." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "तिच्यापुरती तरी जागा सारवून द्याले मी कितीक डाव उठलो. पन शिपायानं सांगतलं होतं ना."