ॲटली रेबरचा हरवलेला दांडा

ओबेड निस्ली स्वतःला थोर गुप्तहेर म्हणवून घेत नसे. तसं म्हणणं म्हणजे गर्व, आणि गर्वाला घोड्यांवर शेती करणाऱ्या आमच्या आमिश ख्रिस्ती मंडळीत थारा नाही. तो फक्त समोरच्याला तसं म्हणायला पुरेसा वेळ द्यायचा.

"महलॉन," तो मेहुण्याला सांगे, "या होम्स काउंटीत माझ्यासारखी नजर दुसऱ्या कुणाला नाही. माझ्यासारखं डोकं तर नाहीच नाही. पण मी ते कुणाला कळू देत नाही. नम्रतेत मला हरवणारा अजून जन्माला यायचाय."

महलॉन हा ओबेडच्या बायकोचा, लोव्हिनाचा, धाकटा भाऊ. वय चाळीस. दाजींच्या प्रत्येक तपासात त्याने बरोबर जायचं आणि मान हलवायची, असं अकरा वर्षांपूर्वी कुणी ठरवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. तेवढा एकच तपास ओबेडने कधी हाती घेतला नव्हता.

मंगळवारी सकाळी ॲटली रेबरचा निरोप आला. दांडा हरवलाय.

ॲटली अडुसष्ट वर्षांचा. घोड्यांनी ओढायची जुनी गवतकापणी यंत्रं दुरुस्त करणं आणि त्यांचे न मिळणारे भाग स्वतः घडवणं हा त्याचा धंदा. साऱ्या गावाची यंत्रं शेतात खडखडत होती आणि त्याचं स्वतःचं यंत्र तेवढं एका दांड्यावाचून छपरीत उभं होतं. हा दांडा हिकरीच्या लाकडाचा, साडेतीन फुटी. चाकाचं फिरणं तो पात्यांपर्यंत पोचवतो, म्हणून पाती डावी-उजवीकडे धावतात. पात्यांत दगड अडकला तर आधी हा मोडतो आणि बाकीचं लोखंड वाचतं. सगळ्यांच्या वतीने मोडायला ठेवलेला भाग. महलॉनला त्याच्याबद्दल नेहमीच आपुलकी वाटे.

"शनिवारी जवसाचं तेल पाजून दुकानाबाहेर भिंतीला टेकवला होता," ॲटली म्हणाला. "काल सकाळपर्यंत होता, संध्याकाळी बघतो तर नाही. दोन वर्षं वाळवलेलं लाकूड होतं. दुसरा मागवला तर यायला दहा दिवस. आज दूध न्यायला आलेला ड्रायव्हर म्हणाला, शनिवारी रात्री पाऊस. सहा एकर गवत उभं आहे, ओबेड. उद्या कापलं तर शनिवारपर्यंत वाळून आत येईल. नाहीतर हिवाळ्यात गायींना काड्या चघळाव्या लागतील."

"कुणाचं यंत्र मागून घ्या ना," महलॉन म्हणाला.

"उद्या कुणाचं रिकामं आहे? ऊन सगळ्यांनाच दिसतंय."

ओबेड तोवर चिखलात गुडघे टेकून बसला होता.

"चोर जाड आहे," तो म्हणाला. "टाच बघ किती रुतलीय. अकरा नंबरचा बूट. आणि या भिंतीवर काय आहे, चाटून बघ."

"तुम्हीच चाटा, दाजी."

ओबेडने चाटलं. "शेंगदाण्याचं लोणी. रविवारी इथे प्रार्थनेनंतर पावाला लावून खाल्लं, तेच. म्हणजे चोर इथे जेवून गेलेला."

"रविवारी इथे दीडशे माणसं जेवली."

"म्हणजे एकशे पन्नास संशयित. तपास आताच किती पुढे गेला बघ."

महलॉनने सहज सुचवलं, "दाजी, जरा तुमचा बूट त्या ठशात ठेवून बघा."

बूट ठशात असा बसला की जणू घरीच आला.

ओबेडने बूट हळूच बाहेर काढला. मग गंभीरपणे म्हणाला, "चोराने माझ्यासारखे बूट मिळवले. संशय माझ्यावर यावा म्हणून. माझी कीर्ती कुठवर पोचलीय बघ. याचं मला मनापासून वाईट वाटतं."

दुपारपर्यंत चोर दोनदा बदलला. आधी तो मोटारवाला इंग्रज होता (आमच्यात मोटारीतून येणारा प्रत्येक जण इंग्रजच), ज्याला जुनी अवजारं दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायची हौस. पण ॲटली म्हणाला की काल एकही मोटार फिरकली नाही. मग संशय ॲटलीच्या घोडीवर गेला. ओबेडने तिच्या तोंडात डोकं घालून दातांत हिकरीचे धागे शोधले. घोडीने त्याच्या टोपीत शिंकून जबाब दिला.

"काहीतरी लपवतेय," ओबेड म्हणाला.

"आमच्याकडे तिला सर्दी म्हणतात," ॲटली म्हणाला आणि शेताकडे बघत राहिला. शेजारच्या शेतात गवत पडत होतं. त्याचं तेवढं उभं होतं.

संध्याकाळी महलॉन दाजींबरोबर त्यांच्या घरी गेला तेव्हा लोव्हिना अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होती. पुढची प्रार्थना त्यांच्याकडे. त्यासाठी लागणारे बाक आणि कपबशा घेऊन मंडळीची गाडी घरोघर फिरते, ती आता यांच्या अंगणात आली होती.

"अहो, त्या गाडीचं दार उघडून द्या म्हणतेय मी. दीडशे कप धुवायचेत."

"लोव्हिना, इथे एका म्हाताऱ्याचं गवत पणाला लागलंय आणि तुला कप सुचतात?"

"तुम्हाला घोडीचे दात सुचतात ते चालतं?"

बुधवारी सकाळी ओबेड महलॉनसमोर चौथ्या चोराची तयारी करत होता. हा पेनसिल्व्हेनियातला कुणी दांडे बनवणारा. ॲटलीची मापं पळवायला आलेला. तेवढ्यात अंगणात दोन धपके ऐकू आले आणि लोव्हिना आत आली. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात दांडा.

"हा दाराच्या कडीत ठोकून बसवला होता," ती म्हणाली. "जवसाच्या तेलाचा वास येतोय. कुणी घातला हा?"



"सोमवारी गाडी ॲटलीकडून कुणी आणली, दाजी?" महलॉनने विचारलं.

"मी." ओबेडचा आवाज बारीक झाला. "कडीची खीळ सापडेना. वाटेत दार उघडलं असतं तर मंडळीच्या कपांचा चुरा झाला असता. भिंतीला एक काठी टेकली होती. रविवारचा उरलेला पाव खात होतो, विचारात होतो." मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "जाड, अकरा नंबरचा बूट, लोण्याची बोटं. महलॉन, माझा एकही निष्कर्ष चुकला नाही."

"नाही ना. फक्त माणूस चुकला."

तासाभरात दांडा यंत्रात बसला. दव वाळलं होतं. ॲटली यंत्राच्या बैठकीवर चढला, लगाम हातात घेतला. ओबेड टोपी काढून पुढे आला.

"ॲटली, चोर मी आहे."

"बरं. माफ केलं."

"अरे, असं लगेच कसं? अजून मी गुन्हा नीट सांगितलेला नाही. आधी ठसा, मग लोणी..."

"आपल्यात मागितली की माफी द्यायची असते, ओबेड."

"मी मागितली कुठे? मी उलगडा करतोय."

"मग चालता चालता कर," ॲटली म्हणाला आणि घोड्यांना इशारा दिला.

यंत्र खडखडलं. पाती धावू लागली, गवत एका बाजूला आडवं होऊ लागलं. ओबेड यंत्राच्या बरोबरीने चालत, हातवारे करत, ओरडून उलगडा सांगू लागला. त्या आवाजात आपल्या कानापाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. ॲटली प्रत्येक वळणावर सभ्यपणे मान हलवी. महलॉन कुंपणावर बसून हे बघत होता. आपलं काम दुसरं कुणी करतंय, हे सुख त्याला नवीन होतं.

ऊन कलता कलता सहाही एकर झाले. ॲटलीने घोडे थांबवले. खडखडाट बंद पडला आणि कापलेल्या गवताचा गोड वास सगळीकडे पसरला. ॲटलीने मागे वळून आडव्या पडलेल्या ओळी शेवटपर्यंत डोळे भरून पाहिल्या. मग खाली वाकून विचारलं, "हं, काय म्हणत होतास, ओबेड?"

ओबेडने तोंड उघडलं. दिवसभर ओरडून घसा पार बसला होता. आतून नुसती हवा आली.

"किती मुद्देसूद," महलॉन म्हणाला.