पाऊण लिटरचा चाप

"जड झालाय. मुद्दाम जड झालाय मेला!"

वारज्याहून आलेली तनुजा दारात चपला काढत होती. आतून हे ऐकू आलं आणि तिला वाटलं, बाबा फोनवर कुणाला झापताहेत. डोकावून पाहते तो बापूराव एकटेच! पलंगावर मांडी घालून बसलेले, मांडीवर छऱ्याची बंदूक, आणि भांडण चाललेलं होतं ते बंदुकीच्या चापाशी.

बापूराव शहात्तर वर्षांचे. गेली एकतीस वर्षं दर रविवारी सकाळी ते सदाशिव पेठेतल्या घरातून निघत, नेमबाजीच्या क्लबात जात आणि दहा मीटरवरच्या कागदाला भोकं पाडून येत. पुढच्या रविवारी क्लबाची ज्येष्ठांची स्पर्धा होती. आणि ऐन वेळी, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, चापाने दगा दिला होता. ओढावा ओढावा तरी सुटत नाही, तोवर नळी डुलायला लागते आणि छरा मधलं दहाचं वर्तुळ सोडून जातो सातात!

"रविवारपर्यंत हा सुधारला नाही तर बंदूक विकणार," त्यांनी जाहीर केलं. "क्लबही बंद."

स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नीचा, सत्यशीलाबाईंचा झारा थांबला. "म्हणजे आता रविवारीसुद्धा हे घरातच?"

म्हणाल्या त्या अशा, पण तोंडावर हसू नव्हतं. खुंटीला सदरा लटकावा तसा या माणसाचा सगळा आठवडा त्या एका रविवारला लटकलेला असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तनुजा मात्र पदर खोचून पुढे झाली. "बाबा, दोन मिनिटांचं काम आहे! चापामागचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला की झालं. तुम्हीच शिकवलंय मला."

"ते तू चौदा वर्षांची असताना. मग तुझं लग्न झालं."

"मग? लग्नानंतर स्क्रू पिळायला बंदी असते?"

बापूराव हसले. हसले म्हणजे मिशी एका बाजूने हलली.

आता या घराचा एक नियम होता, आधी वजन, मग स्क्रू ड्रायव्हर. बंदूक दोन खुर्च्यांच्या मध्ये उशा लावून बसवायची. नळी चिंध्यांनी ठासून भरलेल्या जुन्या ट्रंकेकडे. चापाला बांधलेली सुतळी मागच्या खुर्चीच्या दांडीवरून सोडून तिला रिकामी बाटली बांधायची आणि तिच्यात हळूहळू पाणी ओतत जायचं. चाप सुटला की थांबायचं. बाटलीत जेवढं पाणी, तेवढा चापाचा जोर! लोकांना आपला रक्तगट ठाऊक नसतो, पण या घरात बापूरावांच्या चापाचं वजन सगळ्यांना पाठ होतं. पाऊण लिटर. तीस वर्षं पाऊण लिटर.

तनुजा लहान असताना फुलपात्राने पाणी ओतायचं काम तिचं. बाबा श्वास रोखून बघत आणि आई आतून ओरडे, "प्यायचं पाणी घेऊ नकोस गं!" रविवारी बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून, स्कूटरवर बाबांच्या मागे ती उभी धरून बसायची. स्वारगेटच्या सिग्नलला सगळ्या माना वळायच्या. मग बाबा कुणीही न विचारता मोठ्यांदा सांगायचे, "पडद्याचा रॉड आहे हो, पडद्याचा!" हॉलमध्ये तिच्या बोटावर आपलं बोट ठेवून म्हणायचे, "चाप ओढायचा नसतो, तनू. त्याला नुसतं विचारायचं, सुटतोस का बाबा?" आणि तो खरंच सुटायचा. अगदी शहाण्या मुलासारखा!

आज फुलपात्राऐवजी मोजपात्र होतं, आणि सत्यशीलाबाईंच्या हुकमावरून सगळा कारभार गॅलरीत. तनुजा मनात मोजत ओतत गेली. अर्धा लिटर... सहाशे... सातशे...

खट्! ट्रंकेत ठप्प! बाटली दचकल्यासारखी हेलकावली, सुतळी निसटली आणि बाटली कठड्याच्या गजांमधून सरळ खाली!

 मग खालच्या मजल्यावरून मंदाकिनीकाकूंचा गोड आवाज आला. "तनुजा आली वाटतं! छान. आमच्या पापडांनाही कळलं."

तनुजाला माफी मागायचंही सुचलं नाही. ती हातातल्या मोजपात्राकडे बघत होती. पाऊण लिटर! एक थेंब इकडे नाही, एक थेंब तिकडे नाही. चाप होता तसाच होता. मग तिची नजर बाबांच्या हाताकडे गेली. तर्जनीचं पेर सुजलेलं, आणि ते बोट गुडघ्यावर ठेवलेलं असतानाही बारीक थरथरत होतं.

"किती?" बापूरावांनी विचारलं. चष्मा आत राहिला होता.

"एक लिटर असेल, बाबा," तनुजा म्हणाली.

बापूराव केवढे खूश झाले! "बघ! अगं ऐकलंस का? एक लिटर! मी म्हणत नव्हतो?" परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे ते स्वयंपाकघरात सांगायला धावले. तनुजाने गुपचूप स्क्रू अर्धा फेरा सैल केला, खाली जाऊन काकूंचे पापड उलटे करून दिले आणि वारज्याला निघून गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण माया म्हटली की माणसाला थांबता कुठे येतं!

रविवारी सगळी पलटण क्लबात हजर. तनुजा आली, कॉलेज जवळ म्हणून आजी-आजोबांकडे राहणारी तिची मुलगी सृष्टी आली, आणि एकतीस वर्षांत कधी फिरकल्या नव्हत्या त्या सत्यशीलाबाईसुद्धा पाण्याची पिशवी घेऊन पहिल्या रांगेत! बापूरावांच्या शेजारच्या जागेवर कासिमभाई. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता क्लबाच्या बंदुका. तीस वर्षांचे दोस्त आणि तितक्याच वर्षांचे वैरी.

"कासिम, चष्मा आणलास की आज अंदाजाने?"

"तुला हरवायला चष्मा कशाला लागतो, बापू!"

पंच होत्या प्रियदर्शनी मॅडम. त्यांनी खूण केली. बापूरावांनी बंदूक उचलली, गाल टेकवायला मान वाकवली, बोट चापाच्या जवळपास गेलं न गेलं तोच, फट्! छरा निशाणाच्या वरच्या पाटीला. पाटीवरचा चार नंबर कायमचा काणा झाला!

"होतं असं," कासिमभाई म्हणाले, पण त्यांचा चेहरा उगीचच पडला.

दुसऱ्या वेळी बापूरावांनी तापल्या तव्याला लावावं तसं बोट पुढे नेलं. फट्! त्यांच्या कागदावर काहीच नाही. मॅडमनी दुर्बिणीतून पाहिलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "कासिमभाई, दहा! अगदी मधोमध!"

"मॅडम," कासिमभाई हळूच म्हणाले, "मी अजून छराच भरला नाहीये."

हॉल खदखदला. बापूरावांचे कान लाल झाले. मॅडमनी बंदूक स्वतःच्या हातात घेतली, छरा भरला, नळी निशाणाकडे धरली आणि मागच्या लाकडी दस्त्यावर नुसती टिचकी मारली. फट्!

"अहो, हा चाप आहे की दारावरची बेल? फुंकर मारली तरी सुटेल! याला हात कुणी लावलाय?"

"मी," तनुजा उठली. "पण अर्धाच फेरा! खरंच अर्धा!"

सृष्टीने मोबाइलमधून डोकं काढलं. "आई! तू केलं होतंस तर सांगायचं ना! बुधवारी मीपण केला. व्हिडिओ बघून. हाफ टर्न."

 मग कासिमभाई खाकरले. "शुक्रवारी बंदूक माझ्याकडे होती, तपासायला. म्हटलं, थोडा हलका करून ठेवू... अर्धाच केला रे बापू. कसम से."

मॅडमनी बोटांवर हिशेब केला. "दीड झाले. दीड फेऱ्याने एवढं होत नाही."

सगळ्यांच्या नजरा बापूरावांकडे वळल्या. बापूराव छताच्या पंख्याकडे बघू लागले.

"आजोबा?" सृष्टी म्हणाली.

"एक," बापूराव पुटपुटले. "पूर्ण. आज सकाळी, निघताना."

"वजन न करता?" तनुजाच्या तोंडून निघून गेलं.

 वजन केल्याशिवाय स्क्रूला हात लावला म्हणून ज्यांनी तिच्याशी एकदा दिवसभर अबोला धरला होता, तेच हे बाबा.

"अहो, पण इतक्या जणांनी? एकमेकांना न सांगता?" मॅडमनी विचारलं. "कशासाठी?"

साधा प्रश्न. पण तनुजा आपल्या चपलेचा अंगठा निरखू लागली, सृष्टीने बंद मोबाइल उलटा करून पाहिला, कासिमभाई स्वच्छ चष्मा पुन्हा पुसायला लागले. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही एकाएकी हॉलच्या भिंती फार आवडायला लागल्या.

बापूरावांनी बंदूक पिशवीत घातली. चेन ओढायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला, आणि तिन्ही वेळा सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

"विकून टाक ही, तनू," ते म्हणाले. "चापच बिघडलाय. उद्यापासून रविवार बंद."

उद्या सोमवार होता. पण ते सांगायचीही कुणाची छाती झाली नाही.

तेवढ्यात प्लॅस्टिकची खुर्ची करकरली. सत्यशीलाबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकत टेकत नेमबाजांच्या रेषेपर्यंत आल्या, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या हॉलमध्ये बोलल्या.

"अहो, चापाला काही झालेलं नाही. बोट म्हातारं झालंय तुमचं. माझी दहाही झालीत. सहा वर्षं झाली, माझ्याने लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. म्हणून मी स्वयंपाकघर विकायला काढलं का?"