बाजाराचा दुसरा दिवस

स्वयंपाकघरात फुलपात्र खणकन पडलं आणि घरंगळत ओटीच्या उंबऱ्यापर्यंत आलं, तेव्हा कुठे अनंतराव वकिलांच्या ओटीवरची शांतता मोडली. चांगला पाव तास टिकली होती ती. वत्सला टाक दौतीवर धरून बसली होती आणि समोर खांबाला टेकून रखमी पदराचं टोक चघळत होती. दोघींच्या मधल्या कागदावर "आरोपीचे नाव" एवढंच लिहिलेलं होतं.

"जया, उचल ते," वत्सला म्हणाली. तिची चार वर्षांची मुलगी जया फुलपात्र उचलायला म्हणून आली आणि तिथेच फतकल मारून बसली. "हं, रखमाबाई, सांगा. नवऱ्याचं नाव काय?"

"ज्यांना धरलाय, त्यांचाच लिवा."

"अहो, पण त्यांचं नाव?"

"मी कशी घेऊ बाय? कंदी घेतला नाय."

वैशाखरे गावाच्या वरच्या पाड्यावरून रखमी पहाटेच निघून आली होती. नांगराला म्हणून तिच्या नवऱ्यानं रानातलं पडलेलं लाकूड उचललं, जंगलखात्याच्या गार्डनं त्याला धरलं आणि दोन दिवस तो मुरबाडला कोठडीत होता. पेरणी तोंडावर आलेली. जामिनाचा अर्ज आजच जायला हवा होता, आणि अनंतराव वकील नेमके कामासाठी कल्याणला गेले होते.

अर्ज लिहिण्याचं काम त्यांनी वत्सलावर सोपवलं होतं. ती मुंबईला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. परीक्षेच्या अर्जाला महिनाभर वकिलाकडे काम शिकल्याचा दाखला जोडायचा होता. मुंबईतल्या वकिलांनी तिच्या कडेवरच्या मुलीकडे बघून आधी पंखा लावला आणि मग नकार दिला. अनंतराव सासऱ्यांचे मित्र. ते हो म्हणाले, पण अट घातली, "मूल तुमचं, कागद माझा. एक जरी कागद चुकला तरी दाखला मिळणार नाही." महिना भरायला आता तीन दिवस उरले होते.

"बरं, नाव घेऊ नका," वत्सला हळूच म्हणाली. "खूण सांगा."

रखमीचे डोळे चमकले. "बाजाराच्या दुसऱ्या दिशी जो वार येतो ना बाय, तोच."

वत्सलाला मनातून फार बरं वाटलं. पाड्यांवर मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला ठेवतात, हे ती याच महिन्यात शिकली होती. मुरबाडचा बाजार सोमवारी. कालच झाला; समोरच्या रस्त्यावर कांद्याची सालं अजून उडत होती. म्हणजे मंगळवार. तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं, "मंगळ्या".

लिहिलेलं वाचून दाखवावं असा नियम होता. पण रखमीनं मान इतकी खाली घातली होती, की त्या लाजणाऱ्या बाईसमोर तिच्या नवऱ्याचं नाव मोठ्यांदा घेणं वत्सलाला बरं वाटेना. तिनं अर्ज मनातच वाचला.

रखमीचा दीर गोमा बाहेर आंब्याखाली बसला होता. तो जामीन राहणार होता. कचेरीत जाताना वत्सलानं त्याला पढवलं, "साहेब विचारतील त्याला व्हय म्हणा. घाबरू नका."

गोमा घाबरला नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "आरोपीला ओळखतोस?" तो म्हणाला, "व्हय." "हजर करशील?" "व्हय." "मंगळ्या तुझा भाऊ?" यावर तो जरा थबकला आणि वत्सलाकडे बघून म्हणाला, "व्हय." साहेबांनी सही केली. वत्सलाच्या पहिल्या अर्जाला अर्धा तासही लागला नव्हता.

शिपायानं कोठडीतून मंगळ्याला आणून कचेरीच्या ओट्यावर उभं केलं. गडी उंच होता, मिशाळ होता, आणि आपल्याला कुणी सोडवलं हे बघायला इकडेतिकडे पाहत होता.

"ह्यो माजा नाय," रखमी म्हणाली.

"नीट बघा, रखमाबाई."

"बाय, धा वरसं भाकर वाढलीया. माजा बुटका हाय."

मंगळ्या कुणाच्या तरी लग्नात पिऊन नवरदेवाचा फेटा विहिरीत टाकल्याबद्दल आत होता; साहेबांनी नुसतं नाव जुळवून सही केली होती. त्यानं वत्सलाला हात जोडले. "देवासारकी आलीस गो बाय. जाऊ मी?"

"जातो कुटं?" गोमानं त्याचं मनगट धरलं. "तू पळाला तं मला आत घालतील. आंगठा माजा हाय."

"अहो गोमा, तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही, की हा भाऊ नाही म्हणून?"

"तुमीच बोल्लाव, व्हय म्हना."

खरा नवरा आतच राहिला आणि खोटा वकिलाच्या घरी आला, कारण गोमा त्याचं मनगट सोडायला तयार नव्हता आणि रखमी गोमाला सोडून जायला तयार नव्हती. अनंतरावांच्या पत्नी, काकू, दाराशी येऊन म्हणाल्या, "किती पानं घ्यायची ते सांगा फक्त." मंगळ्या तीन वेळा भात घेऊन जेवला. उजवा हात गोमाच्या ताब्यात असल्यामुळे शेवटी जयानं त्याला घास भरवले.

दुपारी चारच्या मोटारीनं अनंतराव आले. छत्री न मिटता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दीर आंब्याखाली बसलेला. नाव त्याला विचारायचं सुचलं नाही?"

वत्सलाला खरंच सुचलं नव्हतं.

"आणि बाजार कुठला धरलात?"

"मुरबाडचा. सोमवारचा."

अनंतराव रखमीकडे वळले. "तू बाजारला कुठे जातेस गो?"

"घाटाकडं. मंगळवारचा. मुरबाडला कोन येतो येवढा चालून?"

"म्हणजे बुधवार," अनंतराव म्हणाले. रखमीनं पदर तोंडाला लावला. "बुधू. वत्सलाबाई, उद्या कचेरीत स्वतः उभ्या राहून चूक सांगायची. परवा मोटारीची दोन तिकिटं काढतो."

जया बोटं मोजत होती. "एक तुझं, एक माझं," ती आनंदानं म्हणाली. तिला मोटार आवडायची.

दुसऱ्या दिवशी कचेरीत वत्सलानं सगळं सांगितलं. बाजार, वार, मान खाली घालणं, मनातल्या मनात वाचणं. तिनं काही गाळलं नाही. साहेबांनी रजिस्टर मागवलं आणि त्यांचं बोट नावांवरून वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं.

"इथे बुधू म्हणून कुणी नाहीच."

"आहे की साहेब," अनंतराव म्हणाले. "लाकूडचोरीचा आरोपी."

"लाकूडचोरीचा आरोपी आहे, पण शनवाऱ्या. गार्डच्या फिर्यादीत शनवाऱ्या, रजिस्टरात शनवाऱ्या."

कोठडीतून एक बुटका माणूस आणला गेला. त्याला बघताच रखमीनं पदर पुढे ओढला.

"तुझं नाव काय रे?"

"बुधू, सायेब."

"मग इथे शनवाऱ्या कसं?"

"गार्डसायेब बोल्लं, तू शनवाऱ्या. मी म्हनलं, सायेब बोलतात तं असंल."

साहेबांनी गार्डकडे पाहिलं. तो नुकताच शहापूरकडून बदलून आला होता. "नाव कुणाला विचारलंत?"

"घरी गेलो होतो साहेब. बायको होती एकटी." गार्डनं घसा खाकरला. "ती म्हणाली, बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा वार."

"आणि शहापूरचा बाजार?"

"शुक्रवारी, साहेब."

वत्सलाला हसू फुटलं आणि तिनं ते पदरानं झाकलं. मग दिसलं, की साहेबही रुमालानं चष्मा पुसताहेत, आणि गरजेपेक्षा बराच वेळ.

अनंतराव सावकाश उठले. "साहेब, फिर्याद शनवाऱ्यावर आहे. हा बुधू. याच्यावर इथे कसलीच फिर्याद नाही. आणि हे उघडकीला आलं, कारण माझ्याकडच्या शिकाऊ वकिलांनी आपली चूक लपवली नाही."

बुधू सुटला. मंगळ्याला ताकीद देऊन सोडलं, तेव्हा कुठे गोमानं त्याचं मनगट सोडलं, आणि मंगळ्या ते चोळत म्हणाला, "सख्ख्या भावानं येवढं धरलं नसतं." कचेरीच्या आवारातून रखमी पुढे आणि बुधू दहा पावलं मागे असे निघाले. वळणावर ती थांबली, मागे न बघताच म्हणाली, "चला ना वो," आणि तो चालला.

घरी आल्यावर अनंतरावांनी कोरा कागद पुढे ओढला. काकूंनी चहा आणून ठेवला. जया मोटारीची वाट बघत उंबऱ्यात बसली होती.

"दाखला लिहितो," ते म्हणाले. "तिकिटं महिना भरल्यावरच काढू. पूर्ण नाव सांगा."

"वत्सला," ती म्हणाली आणि थांबली.

"पुढे?"

वत्सलाचे कान लाल झाले. ती पुढे वाकली, तिनं त्यांच्या हातातला टाक घेतला आणि उरलेलं नाव स्वतःच कागदावर लिहिलं. अनंतरावांनी ते चष्म्यावरून पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि चहाची कपबशी उचलली.

जया मात्र उंबऱ्यातून उठून आली होती. तिनं आईच्या हाताला धरलं.

"आई, आपले बाबा कुठल्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येतात गं?"