बद्रीनाथने वाजवलेला परण्या

साडेअकराला घनसावंगीच्या मारुतीसमोर नवरदेव घोड्यावर बसला आणि बँड परतूरला गेल्याची बातमी आली.

"तिथं ह्याच आडनावाचं दुसरं लग्न हाय. बँडवाले तिकडं वाजवून राह्यले," फोन करून आलेला पुंजाराम म्हणाला.

नवरदेवाचे चुलते काकासाहेब मटकन पायरीवर बसले. व्याह्यांच्या दारात परण्या, म्हणजे नवरदेवाची वाजतगाजत निघणारी मिरवणूक, मुक्यानेच न्यायची? तेवढ्यात त्यांची नजर बद्रीनाथवर पडली.

बद्रीनाथ नवरदेवाचा मावसभाऊ. जालन्यात त्याचे टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान होते. शाळेत असताना टीव्हीला जोडून खेळलेल्या गेमच्या टिणटिण चाली त्याच्या डोक्यातून गेल्या नव्हत्या. पुढे दुरुस्तीला आलेल्या एका टेपमध्ये अमेरिकेतल्या खेड्यांतल्या गाण्यांची कॅसेट सापडली. गिटारीच्या तारा घोडा दौडावा तशा वाजत होत्या. तेव्हापासून सहा वर्षे तो गिटार घेऊन गेमच्या चाली या वाजवण्यात मिसळत होता. घरातल्या कुणी त्यातले काही शेवटपर्यंत ऐकले नव्हते. आजही कुणी चुकून विचारील, म्हणून गिटार सोबत आणली होती.

"बद्री, त्याच्यातून काही निघतं का?"

"निघतं, काका. पण फिल्मी गाणं न्हाई येत."

"मंग काय येतं?"

"लहानपणच्या गेमातलं. अमेरिकेच्या खेड्यातल्या पद्धतीनं."

काकासाहेबांनी मारुतीकडे पाहिले. "वाजव. आवाज झाला म्हंजे बस."

वऱ्हाडाच्या जीपवर लाउडस्पीकरचा भोंगा होता, त्याला गिटार जोडून बद्रीनाथ जीपमध्ये बसला. पहिल्या चार सुरांवर नवरदेवाचे मित्र थबकले. मग एकजण हसत म्हणाला, "आरं, हा तर आपला गेम हाय."

झाले. पंचविशीतले बाप्ये हवेतली नाणी गोळा करत उड्या मारू लागले. नवरदेवही घोड्यावर बसून अंगठ्यांनी नसलेली बटणे दाबू लागला.

अडचण एकच होती. त्या गेममध्ये मागे जाता येत नसे, आणि वेळ संपत आली की चाल जलद होई. बद्रीनाथच्या बोटांना तीच सवय. त्यामुळे परण्या जागेवर नाचेना, उड्या मारत पुढेच निघाला. एरवी ज्या चौकात तासभर मोडायचा, तो चौक दोन मिनिटांत मागे पडला. घोडाही दुडक्या चालीत आला.

"बद्री, जरा हळू," फेटा धरून पळणारे काकासाहेब म्हणाले.

"हळू केलं की बोटं अडकतेत, काका."

बारा दहाला परण्या मांडवात शिरला. मुलीचे वडील साहेबराव बनियनवर पुऱ्यांच्या कढईपाशी उभे होते. नवरीची वेणी अर्धीच झाली होती.

"आत्ताच कसे आले तुम्ही?"

"पत्रिकेत काय लिहिलंय?" काकासाहेबांनी धापा टाकत विचारले.

पत्रिकेत बारा पस्तीस होते. हा प्रश्न त्या गावात आजवर कुठल्या वरपक्षाने विचारला नव्हता. साहेबराव सदरा शोधायला धावले.

"होऊ द्या सावकाश," काकासाहेब खुर्चीत ऐसपैस बसले. "तोवर आमचा बद्री वाजवील."

पंचवीस मिनिटे बद्रीनाथने वाजवले आणि चारशे माणसांनी ते शेवटपर्यंत ऐकले. तुळजाबाई आजींनी तर एक चाल पुन्हा वाजवायला लावली. बरोबर बारा पस्तीसला अंतरपाट धरला गेला.

जेवणे झाल्यावर साहेबरावांनी बद्रीनाथला बाजूला घेतले. "पुढच्या महिन्यात धाकटीचं लग्न हाय. तुम्ही वाजवायला पाहिजे."

"परण्यात?"

"न्हाई, न्हाई. आमच्या मांडवात. फकस्त त्या नवरदेवाकडच्या पाव्हण्यांच्या हाती लागू नका."

बद्रीनाथच्या वहीतले सगळे महिने कोरे होते. त्याने खिशातून वही काढली, सावकाश पाने उलटली आणि म्हणाला, "बघतो, जमतंय का."