पस्तीस फुटांवरची नदी

बिल्डरने गंडवलेल्या माणसांची यादी नेरळात कोणीही तोंडपाठ म्हणून दाखवील. त्या यादीत आपलं नाव कधीच येणार नाही, याची शरच्चंद्र सरांना मात्र पक्की खात्री होती. सदतीस वर्षं हायस्कुलात भूमिती शिकवलेला माणूस. "छापील चित्रात काय, समुद्रसुद्धा दाखवतील," ते फोनवर मुलाला, सिद्धांतला, म्हणाले. "मी माझ्या डोळ्यांनी नदी बघणार, मगच बुकिंग."

प्रश्न नदीचाच होता. उल्हासच्या काठी 'जलमंदार' नावाची सात मजली इमारत होणार होती आणि तिच्यातला तीनशेदोन नंबरचा फ्लॅट सरांच्या मनात भरला होता. मुलगा, सून, नात सगळे सुट्टीत आले तरी मावतील एवढा, आणि नदीकडे गॅलरी. गॅलरी विमलताईंसाठी होती. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पिठाच्या गिरणीची भिंत दिसत होती. चौतीस वर्षांत त्या एकदाच, तेही दळण निवडता निवडता, म्हणाल्या होत्या, "खिडकीतून वाहतं पाणी दिसावं, एवढीच हौस होती मेली." सरांनी तेव्हा ऐकलं नसल्यासारखं केलं, पण विसरले मात्र नव्हते.

अडचण एवढीच, की इमारत अजून जमिनीतून वर आली नव्हती. जागेवर चार खड्डे, पत्र्याचं कुंपण आणि विक्रीचं ऑफिस होतं. नदीच्या अंगाला एक जुना रायवळ आंबा उभा होता. सरांनी वहीत हिशेब मांडला. खाली पार्किंगचे दहा फूट, वर दोन मजल्यांचे वीस, उभ्या माणसाचे डोळे पाच फुटांवर. आंब्यावर पस्तीस फूट चढलं की आलाच तीनशेदोन.

"या वयात झाडावर चढणार तुम्ही?" विमलताईंनी विचारलं.

"अगं, झाडावर कुठे? तिसऱ्या मजल्यावर चढतोय. तू नऊ वाजता ये. आपली गॅलरी किती उंच असेल ते खालून दिसावं म्हणून मी खूण बांधून ठेवतो."

कोणी हसू नये म्हणून सर सकाळी सातलाच पोचले. खांद्याला पिशवी, पिशवीत फुटाफुटावर गाठ मारलेली सुतळी आणि विमलताईंच्या जुन्या पिवळ्या साडीची पट्टी. रंगाऱ्यांची बांबूची शिडी ऑफिसच्या भिंतीला होती, ती त्यांनी आंब्याला लावली. पुढे फांदीवरून फांदीवर. धोतरातल्या पूर्वजांची आठवण काढत, पँटचा गुडघा फाडत, सर पस्तिसाव्या गाठीला पोचले, पट्टी बांधली आणि मान वर केली.

नदी होती. डावीकडून रुंद वळण घेऊन येणारी, मधल्या खडकांवर पांढरी होणारी, उन्हात चकाकणारी नदी. बायकोला इतकी वर्षं भिंत दाखवली, आता हे दाखवू, असं सरांना वाटलं आणि डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. तेवढ्यात खाली मनोज रंगारी आला, वर न बघता शिडी खांद्यावर टाकली आणि रस्त्यापलीकडच्या कामावर निघून गेला.

हाक मारावी, तर उद्या सगळ्या नेरळात बोभाटा होईल. सर फांदीला धरून बसून राहिले. पावणेआठला कपड्यांचं बोचकं घेऊन धोंडूबाई आली. नदीच्या घाटाकडची वाट बिल्डरच्या कंपनीने पत्रे ठोकून बंद केल्यापासून ती कुंपणाच्या फटीतून आत शिरायची आणि या आंब्याखालून नदीवर जायची. तिने वर पाहिलं. पिवळा झेंडा, झेंड्यापाशी सर.

"सर, तुमी? झाडावर?" तिने बोचकं खाली ठेवलं. "आंबा तोडनार हायेत म्हनून बसलाव का?"

आता 'नाही, मी गॅलरी बघायला आलोय' असं सदतीस वर्षांच्या नोकरीनंतर कोण सांगेल? सर म्हणाले, "हं."

त्या एका 'हं'ने घात केला. अर्ध्या तासात आंब्याखाली साठ माणसं जमली. जवळच्या पोशीर गावचा भिवाजी सगळ्यांत पुढे. आंबा त्याच्या आजाने लावलेला, आणि वाटेसाठी सहा महिन्यांत त्याने चार अर्ज केलेले. एकाचंही उत्तर नव्हतं.

"आमी नुसते अर्ज करत बसलाव," भिवाजी गर्दीला म्हणाला, "आनि सर बगा. कुनाला न सांगता वर जाऊन बसले. याला म्हनतात मानूस."

सरांनी सुतळी खाली सोडली, ती शिडी मागण्यासाठी. लोकांनी तिला चहाची किटली बांधली. सरांनी हातवारे केले, तर टाळ्या पडल्या.

विक्री मॅनेजर अनुपम धापा टाकत आला. आपलं होऊ घातलेलं गिऱ्हाईक झाडावर बघून त्याने आधी डोळे चोळले, मग बाजूला जाऊन फोन लावला. झाडावर सरांचा मोबाईल वाजला.

"सर, माझं काही चुकलं का? तीनशेदोन तुमच्यासाठीच धरून ठेवलाय."

"अनुपम," सर तोंडावर हात धरून कुजबुजले, "शिडी पाठव. बाकी काही बोलू नको."

अनुपमने शिडी आणवली. भिवाजी शिडीला आडवा झाला. "मागन्या मान्य झाल्याबिगर सरांना कोन उतरवतंय, बगतोच मी. सर, घाबरू नका, रात झाली तरी आमी हलनार नाय."

सरांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि झाडावरच्या मुंग्या पायाला आल्या होत्या. त्यांनीच अनुपमला फोन केला. "मागण्या काय आहेत ते विचार आणि मान्य कर. लवकर कर रे बाबा."

अनुपमने मुंबईला मालकांना फोन लावला. बुकिंगचे दिवस, दारात साठ माणसं, वर निवृत्त शिक्षक, आणि निम्म्या गर्दीचे मोबाईल वर रोखलेले. मालक पाच मिनिटांत विरघळले. घाटाची वाट कायमची खुली आणि आंब्याच्या फांदीलाही हात लावणार नाही, असं लेटरहेडवर छापून आलं. कागद सुतळीने वर गेला. सरांनी न वाचताच पहिली सही ठोकली. आयुष्यात न वाचता सही केलेला तो एकमेव कागद.

मग शिडी लागली. भिवाजीने सरांना अलगद उतरवून घेतलं. धोंडूबाईने शेजारच्या कुंपणावरची जास्वंद तोडून हातात दिली. म्हातारीचे डोळे भरले होते. "आता फटीतून वाकून जायला नको," ती म्हणाली. सरांना पहिल्यांदाच मनापासून लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

नऊ वाजता विमलताई आल्या. गर्दी, जास्वंद, फाटकी पँट, सगळं पाहून त्यांनी एकच विचारलं.

"दिसली का हो?"

"दिसली. अगं, अशी दिसली, की तू स्वयंपाक विसरशील."

अनुपम नकाशा घेऊन घुटमळत होता. "सर, एक सांगू? मूळ प्लॅनमध्ये हा आंबा काढणार होतो. तिथे कारंजं होतं. आंबा काढला असता, तर तीनशेदोनमधून नदी दिसणारच होती. आता हा बरोब्बर गॅलरीच्या समोर."

सरांनी नकाशा पाहिला, आंबा पाहिला. उंची मोजली होती, अंतर मोजलं होतं. ज्याच्यावर बसून नदी बघतोय ते झाडच मध्ये उभं आहे, हे तेवढं धरायचं राहिलं होतं. त्यांनी नकाशा अनुपमला परत केला.

"दुसरा फ्लॅट बघू आपण," ते हळूच म्हणाले. "वरचा एखादा."

विमलताई त्या पिवळ्या पट्टीकडे बघत होत्या. "ही माझीच साडी ना? तिथे आपली गॅलरी?" आणि मग म्हणाल्या, "हाच घ्या. भिंतीला कधी कैऱ्या लागलेल्या नाही बघितल्या मी."

या गोष्टीला अडीच वर्षं झाली. विमलताई रोज संध्याकाळी धोंडूबाईबरोबर त्या खुल्या वाटेने घाटावर जातात आणि पाण्यात पाय सोडून बसतात. लोणच्याची कैरी गॅलरीतून आकडीने निघते. पाहुणे आले की विचारतात, "काय सर, नदी कुठे आहे तुमची?"

सर त्यांना गॅलरीत नेतात. समोर, हात लांबवला तर लागेल अशी, पानांत एक विटकी पिवळी पट्टी लोंबत असते, नेमकी उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर.

"नदी जाऊ द्या," सर चष्मा सावरत म्हणतात. "उंची बघा. एक इंचही चुकलेली नाही."